गाडी बघायला मिळणार नाही हे माहीत असून केलेली पॅरिस ट्रिप: ला मार्कीझच्या मागावर

आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर शिव्या नकोत, ज्या गाडीसाठी मी पॅरिसभर फिरलो ती पॅरिसमध्ये नाहीये. ला मार्कीझ, १८८४ ची, वाफेवर चालणारी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली पण फ्रेंच, आणि आजही चालू स्थितीत असलेल्या सगळ्यात जुन्या गाड्यांत तिचं नाव पहिलं घेतात. २०११ ला लिलावात खासगी हातात गेली. मला बघायच्या होत्या त्या फक्त जागा. मेहुणा तिथे नोकरीला असतो, त्याला सोमवारची रजा टाकायला लावली (हीच चूक, पुढे येईलच).

सुरुवात बुलेव्हार दे झितालियँ पासून. १८८१ मध्ये काउंट द दियों या फ्रेंच उमरावाला या रस्त्यावरच्या एका दुकानात वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन दिसलं, हे बनवलं कोणी म्हणून चौकशी केली तर निघाले दोघं मेहुणे, बुताँ आणि त्रेपार्दू, खेळणी बनवून कसंबसं घर चालवणारे. काउंटकडे पैसा, यांच्याकडे हात. तीन वर्षांनी गाडी तयार, काउंटची आई मार्कीझ (म्हणजे मोठ्या सरदाराची बायको) म्हणून गाडीही मार्कीझ. आता इथे बघण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांत उरका.

मग मेट्रो १ नंबरने पाँ द नोयी. पुलाच्या मधोमध मेट्रो जाते, दोन्ही बाजूंना ट्रॅफिक, समोर ला देफाँसचे टॉवर, बोललेलं ऐकू येत नाही. १८८७ च्या एप्रिलमध्ये एका सायकलच्या पेपरच्या संपादकाने इथून शर्यत ठेवली आणि आली एकच गाडी, आपली मार्कीझ, म्हणजे पहिला नंबर ठरलेलाच! कोणी म्हणतं दोनच किलोमीटर, बुआ द बुलोन्य या झाडीच्या मोठ्या बागेपर्यंत, कोणी म्हणतं थेट व्हर्साय आणि परत. मी पुलावर उभा राहून हे सगळं रंगवून सांगतोय तर मेहुणा म्हणाला, "दाजी, म्हणजे जी गाडी इथे नाही, तिने जी शर्यत एकटीने जिंकली, ती बघायला मी रजा टाकली?"

पूल ओलांडून डावीकडे वळा आणि नदीच्या कडेकडेने प्युतो या उपनगरापर्यंत चालत या, वीसेक मिनिटं लागतात. काठच्या रस्त्याला अजून द दियों-बुताँचं नाव आहे, पाटीचा फोटो काढाच. १९०० च्या आसपास जगात सगळ्यात जास्त गाड्या बनवणारी कंपनी हीच होती, वर्षाला ४०० गाड्या आणि ३२०० इंजिनं. आता सगळी ऑफिसं.

तिथे बाकावर बसून मेहुण्याला मालकांची कथा ऐकवली, माझा खरा जीव त्यातच आहे. काउंटने गाडी २२ वर्षं ठेवली. १९०६ ला हेन्री दोरिओल नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला विकली, तेव्हा पेट्रोलचा जमाना आलेला, वाफेच्या गाडीला कोण विचारतंय. आधी कोळसा नाहीतर लाकूड घाला, मग वाफ धरायला अर्धा-पाऊण तास, आणि सीटखालच्या टाकीतलं पाणी पुरणार तीसेक किलोमीटर. दोरिओलच्या घरच्यांना ती चालू करणं काही जमलं नाही पण विकलीही नाही, तब्बल ८१ वर्षं! आपल्याकडे पडवीत आजोबांची लँब्रेटा असते ना, भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो आणि आजी दर दिवाळीला त्याला हाकलते, तसंच. माझ्या मते गाडी वाचली ती या लोकांमुळे, पुढच्या करोडपतींमुळे नाही. १९८७ ला एका इंग्रज शौकिनाने घेतली, दुरुस्त केली, लंडन-ब्रायटन या जुन्या गाड्यांच्या रॅलीत पळवली. २००७ ला टेक्सासच्या जॉन ओक्विन नावाच्या बड्या वकिलाने कॅलिफोर्नियात ३५ लाख २० हजार डॉलरला घेतली, दोन वर्षांत तो कार अपघातात गेला. मग २०११ चा अमेरिकेतला हर्शीचा लिलाव, ४६ लाख २० हजार.

आता कामाचं. प्युतोहून ट्रान्सिलियँची (म्हणजे तिथली लोकल ट्रेन) एल लाईन थेट व्हर्साय रीव द्रुआतला जाते, तिथून राजवाडा वीस मिनिटं चालत. मेट्रो-ट्रेनचं एकच तिकीट व्हर्सायपर्यंत चालतं पण ट्रामला चालत नाही, ट्राम-बसचं वेगळं घ्यावं लागतं, हे आम्हाला ट्राममध्ये चढल्यावर कळलं आणि पुढच्याच स्टॉपला गुपचूप उतरलो. आणि सोमवारी राजवाडा बंद असतो!! मेहुणा तीन वर्षं पॅरिसमध्ये राहतोय, त्यालाही माहीत नव्हतं. बागेत फिरलो, पावसात.

खरोखरच्या जुन्या गाड्या बघायच्या असतील तर पॅरिसच्या गार दु नॉर स्टेशनहून ट्रेनने काँपियेन्य गावाला जा, तिथल्या राजवाड्यात गाड्यांचं म्युझियम आहे, १८७८ ची वाफेवरची मान्सेल आणि १८९९ ला ताशी १०० च्या वर गेलेली ला जामे काँताँत तिथलीच. गाड्यांचा विभाग त्या दिवशी उघडा आहे का ते आधी विचारून घ्या. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघणार होतो, तिकीट काढता काढता मेहुण्याने फोनवर बघितलं, काँपियेन्य मंगळवारी बंद.