तुम्ही विचारलंत म्हणून : तयार मिळत असताना हातानं कशाला?

"ताई, सगळं तयार मिळतंय की आता. मागवलं तर महिन्याभरात दारात. मग हातानं कशाला एवढा कुटाणा?"

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये जुन्या लष्करी ट्रकांच्या आतलं सामान बनतं. गाद्या, पाठी, डॅशबोर्डचे पत्रे, कप्प्यांची दारं, माहितीच्या पट्ट्या. शेडमध्ये उभी असलेली गाडी बघायला जे येतात, ते बहुतेक हा प्रश्न विचारूनच जातात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटतं, म्हणून आज बसून लिहिते. त्यासाठी एकच गाडी घेते, गडहिंग्लजकडची एक फोर्ड जीप. जीप म्हणजे ट्रक कुठला, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकी सैन्याच्या कागदांवर तिचं नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असंच होतं.

तयार सामान मिळतं, हे अगदी खरं आहे. विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. इतक्या गाड्या जगभर पसरल्या की त्यांच्या सुट्या भागांचा धंदा आजही चालतो. फिलिपाइन्समध्ये तर पत्र्याची अख्खी बॉडी नवी बनते. ज्यांना कारखान्यातून काल निघाल्यासारखी गाडी हवी आहे, त्यांना मी स्वतःच सांगते, मागवा. ते सामान चांगलं असतं.

पण ते सामान ज्या गाडीसाठी बनतं, ती गाडी आपल्याकडे फारशी उरलेली नाही. जीप मुळात डाव्या स्टिअरिंगची. युद्ध संपल्यावर इथल्या डेपोंमधून डिस्पोजलच्या विक्रीत त्या बाहेर पडल्या आणि कंत्राटदार, बागायतदार, लाकूडवाले यांच्या हाती गेल्या. त्यातल्या कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग गावोगावच्या मेस्त्र्यांनी उजवीकडे आणलं. त्यासाठी डॅशबोर्ड कापला, पेडल हलवली, जमिनीला नवी भोकं पाडली. प्रत्येकानं आपल्या अकलेनं आणि हाताशी असेल त्या लोखंडानं हे केलं, त्यामुळे अशा दोन गाड्या एकसारख्या नसतात. त्यांच्या मापाचा डॅशबोर्ड कुठल्याच देशात तयार मिळत नाही. हे माझं पहिलं उत्तर, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं.

गडहिंग्लजची गाडी घेऊन दादा आले ते ठरवूनच आले होते. गाडी त्यांच्या वडिलांची, साठच्या दशकात घेतलेली, चाळीस वर्षं उसाच्या रानात आणि बाजारात फिरलेली. वडील गेल्यावर गोठ्याशेजारी उभी राहिली. दादांचं म्हणणं होतं, "हिला पुन्हा मिलिटरीची करायची. जशी तिकडनं आली तशी." स्टिअरिंगसुद्धा परत डावीकडे न्यायचं त्यांच्या मनात होतं.

मी आधी गाद्या उतरवल्या. वर लाल रेक्झिन, पांढऱ्या पायपिंगचं. त्याखाली तपकिरी रेक्झिन. आणि उजव्या पाठीच्या चौकटीच्या दुमडीत अडकलेली, दोन बोटं रुंदीची कॅनव्हासची चिंधी. ती मी पाण्यानं नुसती ओली करून बघितली तेव्हा रंग वर आला, फिकट, खाकीकडे झुकणारा ऑलिव्ह. युद्धाच्या मध्यावर अमेरिकी सैन्यानं कॅनव्हासचा रंग बदलला. आधीचा हा फिका, क्रमांक ३ चा, आणि नंतरचा गडद हिरवा, क्रमांक ७ चा. बाजारात तयार गाद्या बहुधा गडद रंगात दिसतात, कारण मिलिटरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच हिरवा येतो. या गाडीचं कापड मात्र पहिल्या रंगाचं होतं आणि ते स्वतः सांगत होतं. दुकानातून गादी आली असती तर ही चिंधी झाडून टाकली गेली असती.

डाव्या गादीच्या लाल रेक्झिनखाली मला आणखी एक वस्तू मिळाली. मागच्या कडेला शिवलेला पट्टा, वीतभर लांब, जुन्या वाहणेच्या चामड्यासारखा, हाताळून हाताळून काळा आणि मऊ झालेला. लष्करी पुस्तिकेत तसला पट्टा नाही, जुन्या फोटोंतही नाही. मी तो कागदात गुंडाळून खिळ्यांच्या डब्यात ठेवला.

आता गादी. मूळ गाद्यांत केसांचं भरण असे. मी काथ्याचा रबर लावलेला थर वापरते, कारण तो दाबला तरी फार खचत नाही आणि त्यातून हवा खेळते. फोम वापरा म्हणून लोक आग्रह करतात. फोमवर बसायला पहिल्या दिवशी बरं वाटतं. पण फोमची उंची बसल्यावर बदलते, आणि जीपमध्ये उंचीला फार महत्त्व आहे. स्टिअरिंगचं चाक मांडीच्या अगदी जवळ असतं. गादी इंचभर चढली की क्लच दाबताना मांडी चाकाला घासते. त्यात या गाडीचं स्टिअरिंग मेस्त्रीनं उजवीकडे बसवताना कोन थोडा पडला होता, चाक आणखी दोन बोटं खाली आलेलं. म्हणून मी दादांना चौकटीवर लाकडी पाट ठेवून बसवलं आणि खाली घोंगडीच्या घड्या सरकवत गेले. एक घडी, दोन घड्या, तिसरीला मांडी चाकाला लागली. मग तिसरी पुढून काढली, मागे ठेवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रकच्या गाद्या याच पद्धतीनं मापत. पुढून कमी आणि मागून भरलेली अशी जी गादी निघाली, ती एका माणसाच्या आणि एका गाडीच्या मापाची आहे.

कापड सुती, जाड विणीचं. ते बेतण्याआधी मी दोन वेळा भिजवून वाळवते. सुरुवातीच्या काळात एकदा घाईत ही पायरी गाळली होती. पहिल्या पावसात खोळ आटली, कोपऱ्याची शिवण उसवली आणि गिऱ्हाइकाला पुन्हा सगळं नवं करून द्यावं लागलं. दोऱ्याचंही असंच आहे. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो, म्हणून पाणी आत झिरपत नाही. पण उन्हात तो लवकर कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा टिकतो, पण भोक बुजवत नाही. मी आत पॉलिएस्टर आणि वरून सूत असलेला दोरा घेते, त्यावर मेण ओढते. मशीनचा पाय जिथं पोचत नाही तिथं दाभण. इंचाला सहा टाके, जास्त नाहीत, कारण टाके दाट घातले की जाड कापड त्याच रेषेवर फाटतं.

उजव्या सीटनं मला दोन दिवस विचार करायला लावला. मूळ जीपमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि ती सीट पक्की असते. उजवीकडची सीट प्रवाशाची, पुढे बिजागऱ्यांवर उलटणारी, मागच्या माणसाला चढता यावं म्हणून. स्टिअरिंग उजवीकडे आणल्यावर ड्रायव्हर या उलटणाऱ्या सीटवर आला. त्या काळच्या मेस्त्रीला हे कळलं होतं. त्यानं मागच्या पायांना लोखंडी अँगलचे दोन तुकडे लावून सीट जमिनीला जखडली होती. बोल्ट विटवर्थ, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचे. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, बोल्टाला विटवर्थमध्येही इंचाला १६ आटे आणि अमेरिकी जाड आट्यातही १६, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. हातानं दोन फेरे जातात आणि मग बोल्ट रुततो. तरी त्यानं ते बसवले होते, आणि पन्नास वर्षं ते सुटले नाहीत. ते अँगल मी काढून साफ केले, गंज घासला, रंग दिला आणि जिथे होते तिथेच लावले. तयार सीट मागवली असती तर ती परत उलटणारी आली असती.

जमिनीचा पत्रा उघडला तेव्हा खालच्या पन्हाळीसारख्या आडव्या पट्ट्यांमधून लाकडाचा भुसा पडला. जीपच्या जमिनीखाली या पोकळ पट्ट्यांत लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरतं आणि पत्रा आतून खातं, वरून रंग चकचकीत असला तरी. तिथे शेजारच्या सुतारानं रंधा मारून सागवानाच्या पट्ट्या करून दिल्या. टोकांना तेल पाजलं, मगच बसवल्या.

डॅशबोर्डमध्ये मधोमध चौकोनी भोक होतं, कधीतरी टेप बसवण्यासाठी कापलेलं. तेवढा तुकडा मी नवीन पत्र्यातून कापला, कानशीनं कडा जुळवल्या आणि वेल्डिंगच्या मेस्त्रींनी तो टाका टाका करत, इकडे एक तिकडे एक, मध्ये थांबून थंड होऊ देत जोडला. सलग वेल्डिंग केलं की पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. नंतर हातोडी आणि ठोकळा घेऊन तो सपाट केला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली नाही. पुढून जोड दिसत नाही. मागून मात्र मी तो तसाच ठेवला आणि शेजारी काम केल्याचं साल ठोकलं.

हे साल ठोकणं, हे माझं दुसरं उत्तर. फोर्डनं आपल्या जीपच्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, 'एफ' हे अक्षर उठवलं होतं. या गाडीत ते अक्षर काही ठिकाणी सापडलं, काही ठिकाणी नाही, कारण सैन्याच्या दुरुस्ती कार्यशाळांमध्ये विलिजचे आणि फोर्डचे भाग एकमेकांत बेलाशक मिसळले जात. दादांना ते लागलं. "म्हणजे आपली गाडी अस्सल नाही?" मी म्हटलं, दादा, ती मिसळ युद्धातलीच आहे, तीही अस्सलच. त्यांनी मग विचारलं, नव्या तुकड्यांवर 'एफ' ठोकून देता येईल का. कप्प्याच्या दारावर तीन पट्ट्या असतात. त्यातल्या एकीवर गाडीचा क्रमांक आणि सैन्याला दिल्याची तारीख उठवलेली असते. ती पट्टी हरवलेली होती, तिच्यावर तारीख घालून हवी होती.

पट्टी मी करून दिली. जस्ताचा पत्रा, त्यावर रोधक रंग, मग फेरिक क्लोराइडमध्ये कोरून. अक्षरांची उंची उरलेल्या जुन्या पट्टीवरून मापून घेतली. तारखेची जागा मात्र कोरी ठेवली. ती तारीख आम्हा दोघांनाही माहीत नव्हती, आणि कोरलेली तारीख पुढचा माणूस खरी मानणार. जुन्या वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद आहे, २०१२ ची. जुनं शक्य तितकं राखा आणि नवं घातलं तर ते नवं म्हणून ओळखता येऊ द्या, असा तिचा रोख आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या गाडीत चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल नको असं ते सांगतात. गादी आणि पट्टी यांची बाब बनवणाऱ्यावर राहते. मी ती माझ्यावर घेते. म्हणून माझ्या प्रत्येक भागाच्या मागे साल असतं आणि 'को' हे अक्षर असतं, कोल्हापूरचं. फोर्डचं अक्षर मी ठोकत नाही.

स्टिअरिंग डावीकडे न्यायचा विचार दादांनी सोडला, तो माझ्या सांगण्यावरून नव्हे. गाडी अर्धी झाली होती तेव्हा ते आईंना घेऊन आले. आई ऐंशीच्या घरातल्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांनी उघडी गाडी सगळीकडून बघितली, चौकटीवर हात फिरवला आणि मला विचारलं, "पोरी, पट्टा कुठाय गं?"

मी डबा आणला, कागद सोडला. त्यांनी तो हातात घेतला. मग सांगितलं, टाकी डावीकडेच राहिली होती ना, आणि तिकडे त्या बसत. पेट्रोल घालायचं की दरवेळी उतरून गादी उचलावी लागे, आणि गादीला धरायला काही नव्हतं. नखं मोडायची. तेव्हा यजमानांनी गावातल्या चांभाराकडून तो पट्टा शिवून आणला, त्यांच्यासाठी.

जुना पट्टा आता ओढ सोसणार नव्हता. मी तशाच जाडीचं चामडं आणलं, त्याच रुंदीचा कापला आणि आरीनं भोकं पाडून हातानं शिवला. जुना पट्टा गादीच्या आत, काथ्याच्या थराखाली, कापडात गुंडाळून ठेवला. पुढे कधी कुणी ही गादी उघडली तर त्याला सापडेल.

गाडी न्यायच्या दिवशी आई डावीकडे बसल्या, मी मागे. पहिल्याच पंपावर दादांनी गाडी थांबवली. ते उतरून पलीकडे येईपर्यंत आई काठी टेकून खाली उतरल्या होत्या, आणि त्यांचा डावा हात न बघताच मागे पट्ट्याकडे गेला होता.