एक सपाट चमचा मीठ

आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलीय. यकृत कडक झालंय, पोटात पाणी साठतं. आज डॉक्टर म्हणाले, दिवसाला मीठ फार तर 5 ग्रॅम. घरी येऊन काट्यावर मोजलं: चहाचा एक सपाट चमचा. तोही पापड-लोणच्यासकट! आई म्हणाली, "एवढं तर मी नुसत्या आमटीत घालते." मग सैंधवाची डबी पुढे केली. अगं, तेही सोडियमच! 'लो सोडियम'वाल्यात पोटॅशियम, आणि तिच्या पाणी उतरवायच्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं, म्हणून तेही बाद. वर या आजारासाठी स्टेरॉइड, ते मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं आणि भूकही वाढवतं, म्हणजे झालंच. रात्री अळणी पिठल्यावर अर्धं लिंबू पिळलं. लोणच्याची बरणी माळ्यावर टाकलीय. स्टूल कुठे लपवायचं ते अजून ठरत नाहीये.