आज खाणार की परवा? पॅरिसच्या सँ-जेर्मांमधली एक खाद्यफेरी

पॅरिसमध्ये चांगलं खायचं तर आधी घड्याळ बघावं लागतं. क्रोसाँ हा लोण्याच्या पापुद्र्यांचा पाव सकाळीच, काही पाव भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि चीज तर कुठल्या दिवशी, दुपारी की रात्री, इथपर्यंत हिशेब. सीन नदीच्या डाव्या तीरावर सँ-जेर्मां-दे-प्रे नावाचा जुना भाग आहे. मे महिन्याच्या अखेरीस आईला घेऊन तिथल्या एका खाद्यफेरीला गेले होते, तेव्हा हे नीट उमगलं. फेरी म्हणजे काय, तर एक गाइड, बरोबर मोजकी माणसं, आणि दुकानादुकानांतून चाखत चाखत अर्धा दिवस पायी भटकायचं. आई शाकाहारी आहे, अंडं तेवढं चालतं. नाव नोंदवतानाच ते कळवलं होतं. तुम्हीही आवर्जून कळवा. जिलेटिन, मद्य, चीजसाठी दूध फाडायला घालतात ते रेनेट अशा गोष्टी ऐन वेळी विचारत बसण्यापेक्षा ते बरं.

सँ-स्युल्पीस मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी भेटलो. येताना काही खाऊन येऊ नका, असं आदल्या दिवशीच बजावलेलं. आमची गाइड तरुण होती, काही वर्षं बेकरीत उमेदवारी केलेली. त्यामुळे तिचं बोलणं पाठ केल्यासारखं नव्हतं. हातवारे करून कणीक कशी लाटतात ते ती रस्त्यातच दाखवायची.

पहिला थांबा एका छोट्याशा बेकरीचा. तिथला गरम क्रोसाँ तिने घेतला आणि स्वतःच्या पिशवीतून दुसरा काढला, सुपरमार्केटमधून आणलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बेकरीतला किंचित वाकडा, टोकांना जास्त भाजलेला, पापुद्र्यांच्या कडा मोजता येतील इतक्या स्पष्ट. दुसरा गुळगुळीत, एकाच रंगाचा, साच्यातून काढावा तसा. मग तिने दोन्ही मधोमध तोडले. बेकरीतल्याच्या आत मोठमोठी पोकळ जाळी होती, ओढली की लांबत जाणारी, आणि लोण्याचा वास भप्पकन आला. दुसऱ्याच्या आत पावासारखा मऊ गर, वास जवळजवळ नाहीच.

खमिराच्या थंड कणकेत लोण्याची थंडगार लादी गुंडाळायची, लाटून तिची तीन पदरी घडी घालायची, आणि मध्ये विश्रांती देत हे तीनदा करायचं. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, इतके लोण्याचे थर होतात. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलून धरते. खोली जरा जरी तापली तरी लोणी कणकेत जिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हे काम थंड खोलीत, बहुतेक आदल्या दिवसापासून चालतं. गाइडने सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्याने ‘बुलांजरी’ (म्हणजे बेकरी) ही पाटी फक्त जिथे पाव तिथेच मळून तिथेच भाजतात त्यांनाच लावता येते. पण ही अट पावापुरती आहे, क्रोसाँला लागू नाही. पाटी बघून आत गेलात तरी क्रोसाँ कारखान्यातून गोठवून आलेला असू शकतो. तेव्हा पाटीवर न जाता पापुद्रे बघा, वास घ्या.

क्रोसाँचा उगम तसा ऑस्ट्रियातला. व्हिएन्नामध्ये ‘किप्फर्ल’ नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव जुनाच होता. ऑगस्ट त्सांग या ऑस्ट्रियन माणसाने १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये रू द रिशल्यो या रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, आणि ती इतकी गाजली की पॅरिसचे बेकर तिची नक्कल करू लागले. पापुद्र्यांचा आजचा क्रोसाँ नंतर फ्रेंचांनी घडवला. व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा, फ्रान्सची ऑस्ट्रियन राणी मारी आंत्वानेत हिने माहेरून आणलेली खासियत या कथा सगळीकडे सांगतात, पण त्यांना पुरावा नाही. आमच्या गाइडने त्या सांगायचं टाळलं, हे मला आवडलं.

तिथून रू द्यु शेर्श-मिदी या रस्त्यावर पुआलानच्या दुकानात. पिएर पुआलान या नॉर्मंडीहून आलेल्या बेकरने १९३२ साली हे दुकान काढलं. शहरभर सगळे ‘बगेत’ या लांबुडक्या पांढऱ्या पावामागे लागलेले असताना याने खेड्यातला गोल, करड्या रंगाचा, दोन किलोंच्या आसपासचा पाव धरून ठेवला. जात्यावर दळलेलं पीठ, पाणी, गेरांदचं समुद्री मीठ आणि आदल्या कणकेतून राखून ठेवलेला गोळा. आपण विरजण राखतो तसाच हा गोळा एका घाण्यातून पुढच्या घाण्यात जातो. भट्टी तळघरात आहे, लाकडावर चालणारी. या पावाच्या कडक पाठीवर ‘पी’ हे अक्षर कोरलेलं असतं. गाइडच्या मते तो भाजल्या दिवशी खाऊच नये. दुसऱ्या दिवशी त्याचा आंबूसपणा खुलतो, आणि आठवडाभर तो टिकतो. आम्हाला आदल्या दिवशीच्या पावाचे तुकडे मिळाले. आईने नुसताच खाल्ला, आणखी मागून घेतला.

या दुकानाशी चित्रकारांचं जुनं नातं आहे. हातात पैसे नसलेले चित्रकार पिएरला पावाची चित्रं काढून द्यायचे आणि बदल्यात पाव न्यायचे. पुढे त्यांचा मुलगा लियोनेल याच्याकडून साल्वादोर दालीने चक्क पावाचं फर्निचर करून घेतलं होतं. लियोनेल आणि त्यांची पत्नी २००२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा मुलगी आपोलोनिया जेमतेम १८ वर्षांची होती. तिने धंदा हातात घेतला आणि तो आजही तीच चालवते. हे ऐकल्यावर आई काउंटरवरच्या लोण्याच्या बिस्किटांची एक पिशवी घेऊनच बाहेर पडली.

रू बोनापार्तवर पिएर एर्मेच्या दुकानात आम्ही थोडाच वेळ थांबलो, गर्दी फार होती. एर्मे हे आल्सासच्या बेकर घराण्यातले. चौदाव्या वर्षी गास्तों लनोत्र या नावाजलेल्या पेस्ट्रीवाल्याकडे कामाला लागले आणि आज मॅकरॉन म्हटलं की त्यांचं नाव पहिल्यांदा येतं. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर यांच्या दोन चकत्या आणि मध्ये सारण. ताजा म्हणजे चांगला, हे इथे लागू होत नाही. सारण भरल्यावर मॅकरॉन एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. सारणातला ओलावा चकतीत उतरतो, मग बाहेरून पातळ कुरकुरीत आणि आतून ओलसर असा तो होतो. आम्ही गुलाब, लिची आणि रासबेरीचा इस्पाहान घेतला. गुलाबाच्या वासाला आपण सरावलेले असतो, त्यामुळे मला वाटलं होतं की गोडमिट्ट असेल. पण रासबेरीचा आंबटपणा त्याला छान आवरून धरतो.

रू दे सँ-पेर या रस्त्यावर ३० क्रमांकाचं दुकान मात्र मी नुसतं बघायलासुद्धा पुन्हा जाईन. दबोव्ह ए गाले. बाहेरचा दर्शनी भाग गडद, सोनेरी अक्षरांचा, आणि आत अर्धगोलाकार लाकडी काउंटर. ही रचना पेर्सिए आणि फोंतेन यांची, म्हणजे नेपोलियनच्या वास्तुविशारदांची. काउंटर औषधाच्या दुकानाला शोभेल असा का, याचं उत्तर सरळ आहे. स्युल्पीस दबोव्ह हा औषधनिर्माताच होता, सोळाव्या लुईच्या पदरी. राणी मारी आंत्वानेत औषधाच्या कडू चवीबद्दल कुरकुर करायची, म्हणून त्याने औषध चॉकलेटच्या पातळ नाण्यांत घालून दिलं, अशी या घराण्याची परंपरागत कथा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत राजा-राणी दोघंही गेले. दबोव्हने १८०० साली चॉकलेटचा व्यवसाय सुरू केला, आणि त्याचा भाचा गाले पुढे त्यात आला. सुरुवातीला इथे प्रकृतीसाठी म्हणून चॉकलेट विकली जायची. ती नाणी अजून मिळतात, त्यांना ‘पिस्तोल’ म्हणतात.

चॉकलेट चावायचं नाही, असं गाइडने आधीच सांगितलं. जिभेवर ठेवून टाळूला लावायचं आणि थांबायचं. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या जरा खाली वितळतं, म्हणून चांगलं चॉकलेट तोंडात आपोआप विरघळतं आणि वास मागाहून, नाकातून कळतो. पिस्तोल तोडताना ‘कट’ असा स्वच्छ आवाज आला. आधी कडवट, मग काहीसं मनुकांसारखं, आणि गिळून झाल्यावरही बराच वेळ ती चव मागे रेंगाळत राहिली. शेजारच्या काचेत गनाशच्या वड्या होत्या. गनाश म्हणजे चॉकलेट आणि साय. ती पंधरवड्याच्या आत संपवायची, भारतात परत नेऊन दिवाळीपर्यंत पुरवायची नाही, हे गाइडने आमच्याकडे बघून हसत सांगितलं. घरच्यांसाठी मी पिस्तोलच घेतले.

शेवटचं दुकान चीजचं, आणि माझ्या मते सगळ्या फेरीचं सार तिथेच होतं. आत शिरताच गार दमट हवा आणि वास. ओल्या पेंढ्याचा, गोठ्याचा, तळघराचा असा मिसळलेला. दुकानाखाली तळघर आहे, तिथे चीज पिकवतात. चीज करणारा वेगळा आणि पिकवणारा वेगळा. पिकवणाऱ्याला ‘आफिनर’ म्हणतात. कुणाला रोज उलटायचं, कुणाला मिठाच्या पाण्याने पुसायचं, कुणाला दमट कोपऱ्यात ठेवायचं आणि कुणाला कोरड्या, हे त्याचं काम.

फळीवर काँते नावाच्या चीजची चाकं होती. एक चाक साधारण ४० किलोंचं, त्याला जवळजवळ ४०० लिटर दूध लागतं, आणि किमान चार महिने पिकवल्याशिवाय ते काँते म्हणून विकता येत नाही. दोन तुकडे चाखायला दिले, एक आठ महिन्यांचं, एक दोन वर्षांचं. पहिलं मऊ, दुधाळ, भाजलेल्या काजूची आठवण करून देणारं. दुसऱ्यात दाताखाली बारीक कचकच लागली. मला ते मीठ वाटलं. ते मीठ नव्हे, चीज जुनं होताना त्यातल्या प्रथिनांपासून तयार झालेले स्फटिक असतात, असं दुकानदाराने सांगितलं. उन्हाळ्यात गायी हिरव्या कुरणावर असतात, त्या दुधाचं चीज पिवळं, आणि हिवाळ्यात वाळल्या गवतावर असतात तेव्हाचं फिकट. मे महिना असल्यामुळे शेळीच्या चीजची रेलचेल होती. हिवाळ्याच्या शेवटी करडं होतात आणि वसंतात दूध भरपूर येतं. राख फासलेला, डोकं कापलेल्या पिरॅमिडसारखा व्हालांसे तिथे ओळीने मांडला होता.

आई इतका वेळ गप्प उभी होती. मग मला म्हणाली, “अगं, त्यांना विचार ना, दूध फाडायला काय घालतात?”

घरी पनीर करणाऱ्या बाईला हाच प्रश्न पडणार. दुकानदाराने आडवळण न घेता सांगितलं. फ्रान्सची नावाजलेली जुनी चीज बहुतेक वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने केलेली असतात. काँते, कामाँबेर, रोकफोर, सगळी त्यात आली. आईने बशी बाजूला ठेवली. तो आत गेला आणि ब्रिटनी प्रांतातल्या लोण्याचा मोठा ढीग होता त्यातून तारेने एक काप कापून आणला, पावाच्या तुकड्यावर जाडसर थापला. लोण्यात मिठाचे खडे चमकत होते. “असं लोणी मी कधी खाल्लं नाही,” आई म्हणाली. तिच्या तोंडून लोण्याची अशी तारीफ मी याआधी ऐकली नव्हती.

मला कामाँबेर विकत घ्यायचं होतं. दुकानदाराने विचारलं, “कधी खाणार?” मी म्हटलं, एक आज, एक परवा. “दुपारी की रात्री?” त्याने लाकडाच्या पातळ डब्या एकेक करून उघडल्या, कागद सारला आणि मधोमध अंगठा हलकेच दाबून बघितला. काही परत ठेवल्या. शेवटी दोन काढल्या आणि रात्रीसाठीची कुठली, परवासाठीची कुठली हे झाकणावर पेन्सिलने लिहून दिलं. दोन्ही एकाच गावातली, एकाच कच्च्या दुधाची, पळीपळीने साच्यात ओतलेली. त्या रात्रीचं सबंध मऊ झालं होतं, मशरूमचा वास आणि सुरीच्या मागे हळूहळू पसरणारा गर. दुसरं त्याच वेळी उत्सुकतेपोटी जरासं कापून बघितलं तर मध्ये अजून पांढरा, खडूसारखा गाभा. परवा दुपारी तो गाभा नव्हता.

रोकफोरही चाखलं. मेंढीच्या दुधाचं, कोंबालू डोंगराच्या गुहांत पिकवलेलं. फ्रान्समध्ये कायद्याने नावाचं संरक्षण मिळालेलं पहिलं चीज हेच, १९२५ साली. मला ते खारट वाटलं, पण पुआलानच्या पावाबरोबर जमलं.

मों-दोर मात्र मिळालं नाही. डोंगरातलं हे मऊ चीज झाडाच्या सालीच्या पट्ट्यात बांधून लाकडी डबीत देतात, वर थोडी वाइन ओतून तसंच भट्टीत गरम करतात. ते फक्त १० सप्टेंबर ते १० मे विकायची परवानगी आहे, आणि आम्ही मेच्या अखेरीस गेलो होतो. जाणार असाल तर सोमवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. ऑगस्टमध्ये तर अनेक जण सुट्टीवर जातात. मी पुढच्या वेळी ऑक्टोबर धरणार आहे. मों-दोरसाठी, आणि आईच्या लोण्यासाठी.