पीटीला न येणारी मुलगी

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी अधीक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मुलींच्या वसतिगृहाचा ताबा घेता घेताच नववीतल्या एका मुलीबद्दल बरंच ऐकायला मिळालं. पीटीचे सर म्हणाले, कामचुकार आहे, दोन फेऱ्या मारल्या की खाली बसते. कामाठी मावशींची तक्रार वेगळी. रात्रीतून तीन-चारदा उठते, सगळ्या खोलीची झोपमोड करते, आणि कधी कधी सकाळी अंथरूण ओलं असतं. खोलीतल्या मुलींनी तिचा पलंग दाराशी सरकवला होता. ती स्वतः काहीच बोलायची नाही. घरी पावरी बोलणारी ही पोर, वर्गात मराठीत उत्तर द्यायची वेळ आली की आधीच खाली बघायची.

डिसेंबरातली ती सकाळ. धडगावच्या डोंगरात त्या दिवसांत थंडी हाडात शिरते, आणि सोलर बंद पडल्याने मुलींनी टाकीतल्या गार पाण्यानेच आंघोळी उरकल्या होत्या. प्रार्थनेच्या आधी एक मुलगी धावत आली, "मॅडम, ती उठतच नाहीये." जाऊन पाहिलं तर दोन्ही नडग्या हातांनी घट्ट दाबून कुशीवर पडलेली. तोंडातून आवाज नाही. ओठ सुकलेले. पापणी खाली ओढून पाहिली तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा.

गाडी येईपर्यंत मी ऑफिसातल्या कपाटातून तिची आरोग्याची फाईल काढली. दवाखान्यात विचारतात म्हणून. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या तपासणी शिबिराचा कागद होता: सिकलसेल, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह, पुढील तपासणी आवश्यक. खाली सही, शिक्का. त्या कागदानंतर फाईलीत काहीच नव्हतं. दोन वर्षं तो कपाटात पडून होता आणि बाहेर मैदानात ही मुलगी कामचुकार ठरत होती. मला त्या क्षणी आलेला राग अजून उतरलेला नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मूल नुसतं वाहक आहे, म्हणजे एएस, की प्रत्यक्ष रुग्ण आहे, म्हणजे एसएस, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावीच लागते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. एसएस मुलाचं मात्र थंडीत, पाणी कमी पडलं तर, ताप आला किंवा दमछाक झाली तर रक्त लहान वाहिन्यांत अडकतं आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात.

ग्रामीण रुग्णालयात सलाईन लागलं, ऑक्सिजन लावला, दुखण्याचं औषध दिलं. डॉक्टरांना मी रात्रीच्या उठण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे ती जास्त होते, रात्रीसुद्धा. पाणी तोडू नका, उलट जास्त द्या. म्हणजे आमच्या खोलीत ज्याला घाणेरडी सवय म्हणत होते ते आजाराचं लक्षण होतं. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता पोरीच्या पायांवर आपली शाल टाकली.

दुपारी तिचे वडील आले, पाड्यावरून बरंच चालत आणि मग जीपने. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, नाव काढून द्या. घरी नेतो." मी म्हटलं, दादा, आधी बसा. वॉर्डातल्या सिस्टर पावरी बोलणाऱ्या होत्या, म्हणून पुढचं बोलणं झालं. त्यांचा एक मुलगा असाच अंग दुखून दुखून गेला होता. त्यांना वाटत होतं, दोष घराण्यात आहे आणि शाळेत लाज निघेल. सिस्टरनी शांतपणे समजावलं: आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल एसएस निघण्याची. यात कुणाचं पाप नाही, कुणाची करणी नाही. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. वडील बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तिला तिथे कोणी हसणार नाही ना?"

औषधाचा प्रश्न डॉक्टर सोडवत होते. हा प्रश्न माझा होता.

पुढे नंदुरबारहून रिपोर्ट आला, एसएस. शाळेत एका सहकाऱ्याने सुचवलं, अशा मुलीची जबाबदारी नको, पालकांना पटवून घरी पाठवू. मी साफ नाही म्हटलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. आणि घरी पाठवलं की तिची नववी तिथेच संपली असती, हे या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बदल करताना एक गोष्ट मी ठरवून केली: तिला एकटीला वेगळं काढायचं नाही. पाण्याची बाटली वर्गात नेण्याची मुभा सगळ्यांना. शौचालयाकडच्या पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू, आणि दाराला बाहेरून कडी घालणं बंद. हिवाळ्यात चुलीवर पाणी तापवून आंघोळ, पाळीपाळीने. पीटीच्या सरांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, त्यांनी तिला वेळ मोजायचं काम दिलं आणि मन लावून शिकवलंही. खोलीतल्या मुलींना आजार समजावला तो तिला विचारून, ती हो म्हणाल्यावरच. ताप आला तर सकाळची वाट न पाहता मला उठवायचं, हे त्यांनी पाठ केलं. पलंग मात्र कुणी सांगितल्यावर हलला नाही. परीक्षेच्या सुमारास दोघींनी तो आपणहून खिडकीकडे घेतला.

आता ती दहावीत आहे. बोर्डाच्या परीक्षेत सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. त्यासाठीचं प्रमाणपत्र आम्ही वेळेत जोडलं. कपाटातल्या बाकी फाईलीही सगळ्या काढल्या. आणखी काही मुलींचे तसेच अर्धवट कागद निघाले. त्यांचे नमुने तपासणीला गेलेत, दोघींचे रिपोर्ट यायचे आहेत.