अलॉय व्हीलचा ऑफसेट आणि १० मिलिमीटरची किंमत

नवे अलॉय व्हील घेताना दुकानात व्यास, रुंदी आणि पीसीडी (बोल्टच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) यांची चौकशी होते. ऑफसेटचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या फिरत्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग यांच्यातील अंतर म्हणजे ऑफसेट. हा पृष्ठभाग मध्यरेषेपेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन मानला जातो, आणि चाकावर तो ‘ईटी ४५’ असा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो.

समजा, ६ इंच रुंदीच्या ईटी ४५ चाकाऐवजी ७ इंचांचे ईटी ३५ चाक बसवले. मध्यरेषा १० मिमी बाहेर सरकते, त्यात वाढीव रुंदीचे निम्मे, म्हणजे १२.७ मिमी, मिळवले की बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते. मागे तिघे बसलेले असताना खड्ड्यात टायर मडगार्डला घासू लागतो, तो बहुधा यामुळेच.

घासणे निदान ऐकू तरी येते. माझ्या मते अधिक गंभीर बदल स्टेअरिंगमध्ये होतो. स्ट्रटच्या (चाकाजवळच्या उभ्या सस्पेन्शन दांड्याच्या) वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंतची (चाक वळताना फिरणाऱ्या गोल सांध्यापर्यंतची) रेषा पुढे वाढवली असता ती जमिनीला जिथे भेटते, तो बिंदू आणि टायर टेकतो त्या भागाचे केंद्र यांच्यातील आडव्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम ऋण, म्हणजे रेषेचा बिंदू टायरच्या केंद्रापेक्षा बाहेरच्या बाजूला, ठेवले होते, कारण एका बाजूची चाके ओल्या मातीवर आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असताना जोरात ब्रेक लावला, तर पकड असलेले चाक आपोआप आत वळते आणि गाडीची एका बाजूला होणारी ओढ बरीचशी सावरली जाते. मूळ स्क्रब रेडियस उणे ६ मिमी असलेल्या गाडीचा ऑफसेट १० मिमीने घटवला, तर तो अधिक ४ होतो आणि तेच चाक ओढीला विरोध करण्याऐवजी तिच्यात भर घालू लागते. ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर) थोडा रुंद झाल्याने वळणावर गाडी किंचित कमी झुकते हे खरे. पण त्या फायद्यासाठी ही किंमत मोजावी असे मला वाटत नाही.

बेअरिंगविषयी मात्र भीती थोडी मोजूनमापून बाळगावी. चाकावर ४०० किलो भार असेल, तर तो १० मिमी बाहेर गेल्याने सरळ रस्त्यावरही हबवर सुमारे ३९ न्यूटन-मीटरचा जादा पीळ येतो आणि बेअरिंगमधील गोळ्यांच्या दोन रांगांपैकी बाहेरच्या रांगेवर अधिक भार पडतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे भार १० टक्के वाढला तर आयुष्य साधारण तीन-चतुर्थांशावर येते. एवढ्याने बेअरिंग महिन्याभरात जात नाही. परंतु २५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायच्या चकत्या), रुंद टायर आणि खड्ड्यांचे सततचे धक्के एकत्र आले की वेगाबरोबर वाढणारी घरघर लवकर सुरू होते; उजव्या वळणावर ती वाढली, तर प्रथम डाव्या बाजूचे बेअरिंग तपासावे.

रुंद चाक हवेच असेल, तर ईटी ४५ तसाच राखून ७ इंच रुंदी घेणे मला अधिक योग्य वाटते. मध्यरेषा जागीच राहते. मात्र आतली कड १२.७ मिमी आत येत असल्याने, टायर आणि स्ट्रट यांच्यातील अंतर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आधी मोजून घ्यावे.