वीसपैकी अठरा

"सर, इंग्रजीच्या तोंडीला सगळ्यांना अठरा-अठरा कसे पडतात?" पालक विचारतात, ज्युनिअर कॉलेजातले सहकारी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

वर्गात साठ मुलं. प्रत्येकाला पाच मिनिटं ऐकायचं म्हटलं तर पस्तीस मिनिटांच्या साडेआठ तासिका जातात. तोवर बाकीच्या एकोणसाठांनी काय करायचं? आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर मूल पाहून करायच्या, नोंदींत 'आत्मविश्वासाने बोलतो' हे मी एका दुपारी चाळीस नावांपुढे लिहिलंय. सबब आहे ही, कळतं मला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी खरे गुण द्यायचे ठरवले होते. दहावीची तोंडी. एका मुलीनं पाठ केलेली दिवाळी घडाघडा म्हटली, तिला सतरा. मग एक मुलगा आला. 'माय फॅमिली'वर बोल, म्हटलं. तो टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उकरत राहिला. मग म्हणाला, "सर, अवर बुल नॉट ईटिंग. टू डेज. फादर ऑल्सो नॉट ईटिंग." विषय सोडला, क्रियापदं चुकली, म्हणून मी आठ लिहिले आणि पुढचं नाव पुकारलं. रात्री गुणतक्ता शाईनं भरताना लक्षात आलं, दिवसभरात माझ्याशी इंग्रजीत बोलला तो एकटाच. बाकीच्यांनी पाठांतर म्हटलं होतं. आकडा बदलता आला असता. खाडाखोड नको म्हणून नाही बदलला. पोरगा इंग्रजीत राहिला.

तेव्हापासून माझा हात सैल झाला. अठरा दिले की पास व्हायला लेखीत सतरा पुरतात. २०१९च्या दहावीला बोर्डानं भाषांचे हे वीस गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. "बघा, फुगवत होतात," असं तुम्ही म्हणालात. हो, फुगवत होतो. पुढच्या वर्षी गुण परत आले. पण मधल्या वर्षात माझ्या वर्गात इंग्रजी बोलायला कुणी उठलं नाही आणि मीही कुणाला उठवलं नाही. गुणच नाहीत तर कशाला, हे मुलांआधी माझ्याच मनात आलं.

दुसऱ्या वर्षाचा तो मास्तर अजून भांडतो माझ्याशी. सगळ्यांना अठरा देऊन, ज्याला खरंच बोलता येतं त्याचं तू काढून घेतलंस, म्हणतो. मी विचारतो, आठ देऊन तू काय मोजलंस?

यंदा रोज तासाच्या शेवटी दोघांना जवळ बोलावतो. घरून निघताना काय पाहिलंस, एवढंच विचारतो. काल एकीला बारा लिहिले, पेन्सिलीनं. गुण पाठवायची तारीख येईल तेव्हा त्यावर शाईनं काय लिहीन, आज सांगता येत नाही.