बावीसशे टप्पे

दारव्ह्यासारख्या गावात विमानाचं तिकीट काढणं म्हणजे निम्मं काम पासपोर्टवरच्या नावाचं. वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात गेलंय ते आधी बघायचं, भाडं मग. किलोमीटर कोणी विचारत नाही. कोरोनाच्या आधी एका काकांनी विचारले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला.

मी दोन पर्याय दाखवले. नागपूरहून दिल्ली आणि तिथून थेट. नाहीतर मुंबई, लंडन करत. लंडनवालं बरंच स्वस्त होतं.

"लंडनवरून जवळ पडते काय?"

"नाही काका, लांब."

"मंग स्वस्त काऊन?"

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. त्यात हयात गेलेल्या माणसाला काय सांगणार? त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर नागपूरपासून डावीकडे बोट ओढलं. "अमेरिका इकडं. अन् तू मले वर दिल्लीले पाठवून राह्यला!"

दुकानात शाळेचं सामानही असतं. पृथ्वीगोल काढला, शेजारच्या टेलरकडून दोरा आणला आणि दोन्ही शहरांवर टोकं धरून ताणला. दोरा पश्चिमेकडे गेलाच नाही. हिमालय, सायबेरिया, मग अलास्कावरून खाली उतरला. काकांनी तो स्वतः धरून पुन्हा ताणून बघितला. कंडक्टरची नजर जात नाही. अंतर साधारण 13,100 किलोमीटर. दिल्लीवरून 855 आणि 12,380, म्हणजे जेमतेम सव्वाशे जास्त. दिल्ली वाटेतच! लंडनवरून मात्र 16,500.

"दिल्लीवरून बावीसशे टप्पे," काका तोंडी हिशेब करून म्हणाले. मला कॅल्क्युलेटर लागला.

विमान दोऱ्यावरूनच जातं असं नाही, हेही सांगितलं. 2016 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर 15,300 च्या घरात, पण पाठीवर वारा, म्हणून वेळ कमी. वाऱ्याचं त्यांना लगेच पटलं. भाड्याचं पटेना.

मग आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, कोर्सात शिकलेलं बाहेर काढलं. गिऱ्हाइकाला हे सांगायची वेळ कधी येत नाही. थेट अंतराच्या साधारण 20 टक्के जास्त मैलांपर्यंत त्याच भाड्यात फिरून जाता येतं. त्यापुढे भाडं 5 ते 25 टक्के चढतं. "म्हंजे टप्पाच झाला की!" काका खुलले. पण आता बहुतेक भाड्यांत कंपनीच वाट ठरवून देते आणि मैल कोणी मोजत नाही, म्हटल्यावर चेहरा पडला. थेट विमानात वेळ वाचतो, त्याचे पैसे घेतात. मधे उतरवणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक ओढायला भाव पाडावा लागतो. हे सगळं खरंच आहे. तरी रात्री भाव बघावा आणि सकाळी तोच प्रवास हजारोंनी महाग निघावा, याला मी कुठल्या तोंडानं हिशेब म्हणू?

"मी असं तिकीट फाडलं असतं तर सस्पेंड झालो असतो."

स्वस्तातलं घ्या म्हणून मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी दिल्लीचंच काढलं. टप्पे कमी, म्हणून. संध्याकाळी मुलीचा फोन आला: साध्या माणसाच्या गळ्यात महाग तिकीट मारलं म्हणून मलाच झापलं. मी "बाबांनाच विचारा" म्हणालो. तिनं बहुतेक विचारलं नसावं, कारण परतीचं तिकीट तिनं तिकडूनच काढलं. लंडनवरून.